मलावीचं वार्तापत्र : खांदे इथल्याच माणसांचे

मंगोची (मलावी) : नोव्हेंबरात वाशीच्या बाजारात उतरणारा ‘मलावी हापूस’ मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला आता नवा राहिलेला नाही. कोकणातून नेलेल्या कलमांपासून वाढलेली ही झाडं दक्षिण गोलार्धातली, म्हणून त्यांचा हंगाम आपल्या उलट. आपल्या वरणातली तूरही कधीकधी इथलीच असते. मलावीकडून दरवर्षी ५० हजार टन तूर घेण्याचा करार भारत सरकारने २०२१ मध्ये केला. आंबा आणि तूर सोडली तर या देशाबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. जे बोललं जातं त्यात ‘जगातल्या अतिगरीब देशांपैकी एक’ एवढंच असतं. इथे राहून, काम करून जे पाहिलं ते सांगावं म्हणून हे पत्र.

आम्ही दोघं नाशिकचे. हे भूलतज्ज्ञ आणि मी परिचर्या महाविद्यालयात शिकवणारी. दोघंही निवृत्त झाल्यावर चर्चच्या ओळखीतून इथल्या एका मिशन रुग्णालयात सेवेसाठी आलो. राहायला रुग्णालयाच्या आवारातलं दोन खोल्यांचं घर आहे. अंगणात आंब्याचं झाड आणि थोड्या अंतरावर मलावी सरोवर. हे सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब, काही ठिकाणी ७०० मीटरपर्यंत खोल. आपल्याकडे समुद्राकाठच्या गावांचं जगणं जसं समुद्रावर, तसं इथल्या गावांचं सरोवरावर. पहाटे होड्या परततात आणि उसिपा नावाची बोटभर मासळी काठावरच्या मांडवांवर वाळत पडते. चांबो मासा महाग, तो पाहुण्यांसाठी. पाण्यात गोगलगायींमार्फत पसरणारा बिल्हार्झियाचा परजीवी असतो, त्यामुळे मुलांना वेळोवेळी त्याचं औषध द्यावं लागतं.

दिवस पहाटे पाचला सुरू होतो. इथे कुणालाही भेटल्यावर आधी विचारपूस करायची, मग कामाचं बोलायचं. ‘म्वाद्झुका ब्वांजी?’ म्हणजे ‘सकाळी कसे उठलात?’ याचं उत्तर देऊन समोरच्यालाही तेच विचारल्याशिवाय औषधाची बाटलीसुद्धा मागायची नाही. वॉर्डात शिरलं की आधी दिसतात त्या रुग्णांबरोबर आलेल्या बायका. मलावीच्या रुग्णालयात प्रत्येक रुग्णामागे घरचं एक माणूस राहतं. त्याला ‘गार्डियन’ म्हणतात. स्वयंपाक, कपडे धुणं, रुग्णाला उठवणं-बसवणं सगळं गार्डियनकडे. त्यांच्यासाठी आवारात वेगळी छपरी असते, तिथे चुली मांडलेल्या असतात. मक्याच्या पिठाची न्सिमा रटरटते. आपल्या तांदळाच्या उकडीसारखी, पण तिच्याहून घट्ट. सोबत पालेभाजी नाहीतर सुकी मासळी. रात्री नर्स दोन आणि रुग्ण साठ असले तरी वॉर्ड चालतो, तो या बायकांमुळे.

प्रत्येक रुग्णाच्या हातात एक लहान वही असते, ‘हेल्थ पासपोर्ट’. लसीकरण, तपासण्या, जुनी औषधं सगळं तिच्यात. केस पेपर रुग्णालयात ठेवायचा नाही, रुग्णानेच सांभाळायचा. गावागावांतल्या बायका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, चितेंजेच्या पदरात बांधून ही वही वर्षानुवर्षं जपतात. चितेंजे म्हणजे इथलं रंगीत सुती कापड. ते कमरेला गुंडाळतात, त्यातच बाळ पाठीवर बांधतात, त्यातच नवजात बाळाला घेतात.

माझं काम प्रसूतिकक्षात, शिकाऊ नर्सेसबरोबर. लांबच्या गावातल्या गरोदर बायका दिवस भरत आले की रुग्णालयाच्या आवारातल्या प्रतीक्षागृहात येऊन राहतात. पावसाळ्यात नद्या वाहू लागल्या की वाट बंद होते, म्हणून ही व्यवस्था. जॉइस बांडा २०१२ ते २०१४ या काळात राष्ट्राध्यक्ष होत्या. स्वतःच्या बाळंतपणातल्या जिवावर बेतलेल्या रक्तस्रावाची हकिगत त्या जाहीरपणे सांगत आल्या. अशी प्रतीक्षागृहं उभारण्याला आणि गावांच्या मुखियांना त्यासाठी कामाला लावण्याला त्यांनी जोर दिला. गरोदर बाई घरीच बाळंत झाली तर मुखियाला जाब द्यावा लागतो, असे नियम पुष्कळ गावांनी स्वतः केले आहेत.

यांचं काम शस्त्रक्रियागृहात. इथे भूल देणारे बहुतेक जण डॉक्टर नाहीत आणि जिल्ह्याच्या पातळीवर सिझेरियन करणारेही बहुतेक जण डॉक्टर नाहीत. ते ‘क्लिनिकल ऑफिसर’. डॉक्टर पुरेसे नव्हते, म्हणून मलावीने हा वर्ग घडवला. देशाचं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय ब्लँटायरला १९९१ मध्ये सुरू झालं; तोवर आणि त्यानंतरही खेड्यापाड्यांतल्या आयांचे जीव या लोकांच्या हातांनी वाचले. मध्यरात्री वीज गेलेली, सौर बॅटरीवर दिवा, आणि पंचविशीतला ऑफिसर शांतपणे टाके घालतोय, हे दृश्य इथे नेहमीचं. हे त्यांना नवी तंत्रं शिकवतात आणि तुटपुंज्या साधनांत सुरक्षित काम कसं करायचं ते त्यांच्याकडून शिकतात. यांच्या आणि ऑफिसरांच्या कामाची वाटणी खरी अशी आहे.

मिशन रुग्णालय म्हटलं की परदेशी पैशावर चालणारी संस्था डोळ्यांपुढे येते. इथलं चित्र वेगळं आहे. मिशन रुग्णालयांतल्या बहुतांश कर्मचाऱ्यांचा पगार मलावी सरकार देतं. ज्या रुग्णालयांशी करार झाला आहे तिथे बाळंतपण मोफत असतं आणि त्याचं बिल सरकार भरतं. परदेशी मदतीशिवाय औषधांचं भागत नाही हेही खरंच, आणि ही मदत आटली की त्याचा फटका आधी एचआयव्हीच्या कार्यक्रमाला बसतो. याच क्षेत्रात या देशाने जगाला वाट दाखवली आहे. प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर स्त्रीला, रक्ततपासणीच्या आकड्यांसाठी न थांबता, आजन्म औषध सुरू करायचं हे धोरण मलावीने २०११ मध्ये अंगीकारलं. जागतिक आरोग्य संघटनेने ते २०१३ मध्ये स्वीकारलं. मलेरियाच्या पहिल्या लशीचा प्रत्यक्ष वापरही २०१९ मध्ये सर्वप्रथम इथेच सुरू झाला.

वर्षातला सर्वांत कठीण काळ जानेवारी-फेब्रुवारी. मका नोव्हेंबर-डिसेंबरात पेरतात आणि एप्रिलच्या सुमारास काढतात. त्याआधी कणग्या रिकाम्या होतात आणि नेमका तेव्हाच पाऊस असल्याने मलेरियाही वाढतो. मुलांच्या वॉर्डात एका खाटेवर दोन-दोन मुलं असतात. रक्त कमी पडतं, ग्लुकोज कमी पडतं. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळात दक्षिण मलावीत हजारावर माणसं मृत वा बेपत्ता झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात इथल्या चलनाचं, क्वाचाचं, ४४ टक्के अवमूल्यन झालं. परकीय चलन नाही म्हणून पेट्रोल नाही, आणि पेट्रोल नाही म्हणून रुग्णवाहिका उभी, अशी वेळ येते. तेव्हा सायकलीच्या मागच्या आसनावर बसवून बाळंत होणाऱ्या बाईला आणतात. भाड्याने चालणाऱ्या या सायकलींना ‘कबाझा’ म्हणतात.

सुटीत आम्ही मिनीबसने फिरतो. मिनीबस भरली की सुटते, वेळेवर नाही. मंगोचीहून शिरे नदीच्या कडेने लिवोंदेला जाताना पाणघोडे दिसतात. पुढे झोंबाचं पठार, मग ब्लँटायर. तिथलं सेंट मायकल अँड ऑल एंजल्स हे चर्च १८८८ ते १८९१ दरम्यान बांधलं गेलं. वास्तुशास्त्राचं शिक्षण नसलेल्या रेव्ह. डेव्हिड क्लेमेंट स्कॉट यांनी ते आखलं आणि विटांच्या बांधकामाची सवय नसलेल्या स्थानिक कारागिरांनी ते उभं केलं. घुमट, कमानी, विटांची नक्षी सगळं अजून भक्कम आहे. आफ्रिकी माणसाला हे जमणार नाही म्हणणाऱ्यांना ते बांधकामच उत्तर आहे.

उत्तरेला लिविंगस्टोनिया या स्कॉटिश मिशनच्या ठाण्याला जायला वीस नागमोडी वळणांचा कच्चा घाट चढावा लागतो. या मिशनचे डॉ. रॉबर्ट लॉज १८७५ मध्ये या देशात आले ते १९२७ पर्यंत राहिले. १८७९ पासून त्यांच्या पत्नी मार्गारेट त्यांच्याबरोबर होत्या. दोघांनी शाळा चालवल्या, भाषेचं काम केलं. मिशनचं पहिलं ठाणं मात्र आमच्या मंगोचीच्या भागात, केप मक्लियरला होतं. तापाने एकामागून एक माणसं गेली म्हणून ते सोडावं लागलं. त्यांच्या कबरी आजही सरोवराकाठी आहेत. डोंगरावरच्या लिविंगस्टोनियाच्या शाळांतून शिकलेल्या तरुणांनीच पुढे संघटना काढल्या आणि वसाहतीच्या राज्याला प्रश्न विचारले. दक्षिण आफ्रिकेत १९१९ मध्ये कामगारांची मोठी संघटना उभारणारे क्लेमंट्स कडाली तिथलेच विद्यार्थी.

नाशिककर म्हणून मला सर्वांत जवळची वाटते ती चुमा आणि जेकब वेनराइट यांची हकिगत. दोघंही या सरोवराच्या परिसरातले, याओ समाजातले, गुलामांच्या व्यापारातून सुटलेले. चुमाला मिशनरी प्रवासी डेव्हिड लिविंगस्टनने १८६४ मध्ये मुंबईला आणलं आणि तो डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला. जेकब नाशिकच्या शरणपूरच्या मिशन आश्रमात वाढला. आजच्या शरणपूर रोडला नाव देणारी वस्ती तीच. १८७३ च्या मे महिन्यात लिविंगस्टन वारला तेव्हा चुमा, त्याचा सहकारी सुसी, जेकब आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचं शव सुकवलं आणि कित्येक महिने पायी वाहून हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर पोचवलं. मृत्यूच्या जागी झाडावर लिविंगस्टनचं नाव कोरणारा आणि अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा जेकब होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये १८७४ मध्ये अंत्यसंस्कार झाला तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत तोही होता. इतिहासात मोठं नाव लिविंगस्टनचं झालं. तो प्रवास पूर्ण केला तो या तरुणांनी.

याओ समाज आज बहुतांशी मुस्लिम आहे. आमच्या आसपास एकाच घरात एक भाऊ मशिदीत आणि एक चर्चमध्ये जाणारा दिसतो. ईदला आमच्या घरी जेवण येतं, नाताळला आमच्याकडून जातं. राजकारणातही या देशाने धाक बाळगलेला नाही. १९६४ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, मग हेस्टिंग्ज बांडा यांची तीस वर्षांची एकाधिकारशाही, ती १९९३ च्या सार्वमताने आणि १९९४ च्या निवडणुकीने संपली. २०१९ ची निवडणूक, निकालपत्रांवर पांढरी शाई लावून आकडे बदलल्याचं सिद्ध झाल्यावर, न्यायालयाने रद्द केली. फेरनिवडणुकीत सत्ताधारी हरले. तेच पीटर मुथारिका २०२५ मध्ये मतपेटीतून परत आले. गरिबी आणि लोकशाही एकत्र नांदत नाही म्हणणाऱ्यांनी हा देश पाहावा.

महाराष्ट्रात निवृत्त झालेल्या, हातपाय धड असलेल्या परिचारिका, भूलतज्ज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, उपकरणं दुरुस्त करणारे कारागीर पुष्कळ आहेत. त्यांना माझं सांगणं आहे. इथे जरूर या, पण पंधरा दिवसांच्या शिबिरासाठी येऊ नका. निदान दोन वर्षं काढा. चिचेवा ही इथली भाषा शिका. स्वतः शस्त्रक्रिया करण्यापेक्षा इथल्या ऑफिसरला आणि नर्सला शिकवा, आणि बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करताना शेजारी इथला एक तरुण उभा करा. मलावीचं काम मलावीची माणसंच करत आली आहेत. त्यांना मदतीचा एक हात हवा आहे, आणि तो देणं आपल्याला सहज शक्य आहे.