अर्जाचे रकाने पुन्हा कोरे करताना

संगणकाच्या पडद्यावरील अर्जात भरलेला मजकूर पुसून रकाने पुन्हा कोरे करणे हे काम सामान्य वाचकाला इतके क्षुल्लक वाटते की, त्यामागे काही शास्त्र असेल आणि त्याची हेळसांड झाल्यास एका माणसाची माहिती दुसऱ्याच्या खाती जमा होण्याचा प्रसंग ओढवेल, अशी शंकाही त्याच्या मनाला शिवत नाही. परंतु ज्या प्रणालींत प्रत्येक पान दूरच्या सर्व्हरवर तयार होऊन येते, त्यांत एकाच रकान्याचे मूल्य एकाच वेळी अनेक ठिकाणी नोंदलेले असते, आणि पुसणारा हात बहुधा त्यांपैकी एकाच नोंदीपर्यंत पोहोचतो.

मुळात ‘रीसेट’ या बटणाचे काम रकाना रिकामा करणे हे नव्हेच. टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनोली यांनी सिद्ध केलेल्या एचटीएमएल 2.0 च्या 1995 मधील प्रमाण मसुद्यात हे बटण रकान्यांना त्यांच्या आरंभीच्या स्थितीला नेणारे म्हणून वर्णिले आहे. आणि आरंभीची स्थिती म्हणजे सर्व्हरने पान पाठविताना त्या रकान्यात जे लिहून पाठविले ते. अर्ज प्रथम उघडला असता ही स्थिती आणि कोरेपणा यांत भेद नसतो, म्हणून गैरसमज पोसला जातो. मात्र अर्जदाराने अर्ज दाखल केला, जन्मतारखेत चूक निघाली, आणि सर्व्हरने त्याचाच मजकूर भरून, खाली तांबड्या अक्षरांत सूचना लिहून पान परत धाडले, म्हणजे त्या सदोष मजकुरालाच आरंभाचा दर्जा प्राप्त होतो. मग त्याने रीसेट कितीही वेळा दाबले, तरी ब्राउझर इमानाने तोच मजकूर पुन्हा हजर करतो.

खरी गुंतागुंत सर्व्हरच्या बाजूस आहे, आणि जावा सर्व्हर फेसेस या 2004 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या चौकटीत ती जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसत असेल. तेथे पानावरील प्रत्येक रकान्याचा एक प्रतिनिधी सर्व्हरवर असतो. आलेले मूल्य प्रथम या प्रतिनिधीकडे जमा होते, मग त्याची तपासणी होते, आणि सर्व रकाने निर्दोष ठरले तरच ते मूळ दप्तरात, म्हणजे ज्याला प्रोग्रॅमर मंडळी मॉडेल म्हणतात त्यात, उतरते. कचेरीत त्रुटी निघालेला अर्ज कारकून नोंदवहीत चढवीत नाही, पण कागद मात्र फाइलीत राखून ठेवतो, तसाच हा व्यवहार आहे. आणि तो योग्यच आहे, कारण एका चुकीपायी अर्जदाराला वीस रकाने पुन्हा भरावयास लावणे हा त्याच्या श्रमाचा अनादर होय.

मात्र येथेच घात होतो. प्रोग्रॅमर ‘पुसा’ या बटणामागे मॉडेलमधील मूल्ये रिकामी करण्याचा हुकूम लिहितो आणि निश्चिंत होतो. परंतु पान रंगविताना चौकट आधी प्रतिनिधीला विचारते, आणि त्याच्याकडे राखलेला मजकूर असेल तर मॉडेलकडे वळतच नाही. याहून गंभीर प्रकार याद्यांच्या पानावर घडतो. एका कर्मचाऱ्याची नोंद दुरुस्त करताना तपासणीत चूक निघाली, ती तशीच सोडून लिपिकाने यादीतून दुसरा कर्मचारी निवडला, तर दुसऱ्याच्या नोंदीवर पहिल्याचा पगार किंवा पत्ता दिसू लागतो, आणि लिपिकाचे लक्ष नसेल तर तो तसाच दाखलही होतो. उपाय एकच: मॉडेलबरोबर प्रतिनिधींकडील राखीव मूल्येही स्पष्ट हुकुमाने काढून टाकणे. या गरजेची दखल घेऊन 2013 च्या 2.2 आवृत्तीत त्यासाठी स्वतंत्र सोय करण्यात आली. तोवर ज्याने त्याने आपापली तजवीज केली.

हीच समस्या वेगळ्या वेषात स्ट्रट्स या त्याआधीच्या चौकटीतही होती. खूण न केलेल्या चौकोनाविषयी ब्राउझर सर्व्हरला काहीच कळवीत नाही. त्यामुळे सत्रभर जपलेल्या अर्जात एकदा केलेली खूण, अर्जदाराने ती काढली तरी, तशीच राहत असे. म्हणून नवी मूल्ये भरण्यापूर्वी जुनी स्थिती पुसण्याची पद्धत प्रत्येक अर्जवस्तूला जोडून दिलेली होती, आणि तिच्यात काय पुसावयाचे ते लिहिणे प्रोग्रॅमरच्या माथी होते.

अर्ज यशस्वीपणे दाखल झाल्यानंतरचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. एचटीटीपी 1.1 मध्ये 303 हा संकेत त्याचसाठी आहे: अर्ज स्वीकारल्यावर सर्व्हरने पान न पाठविता ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर जावयास सांगावे, म्हणजे अर्जाचे पान नव्याने मागविले जाते, रकाने आपोआप कोरे येतात, आणि पान ताजे करताना तोच अर्ज दुसऱ्यांदा दाखल होण्याचे भयही टळते.

वापरकर्त्यांच्या सोयीचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2000 सालीच असा अभिप्राय दिला होता की, बहुतेक रीसेट बटणे काढून टाकल्यास वेब अधिक सुखावह होईल. तो मला सर्वथा मान्य आहे. ‘दाखल करा’च्या शेजारी बसलेल्या त्या बटणावर चुकून बोट पडले, की क्षणात नाहीशा होणाऱ्या श्रमाची भरपाई कोणीच करीत नाही. तरीही ते ठेवणे भाग असेल, तर प्रणाली तयार करणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की, त्यांनी ते कोऱ्या अर्जावर तपासून समाधान मानू नये; आधी मुद्दाम सदोष अर्ज दाखल करावा, तांबडी सूचना येऊ द्यावी, आणि मग ते बटण दाबून काय उरते ते पाहावे.