लॅपटॉपवर 'ग्रब रेस्क्यू' दिसतंय? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

लॅपटॉप सुरू केला आणि विंडोजही आलं नाही, लिनक्सही नाही. काळ्या स्क्रीनवर फक्त दोन शब्द: 'ग्रब रेस्क्यू'. किंवा उलटं झालं. विंडोज नीट सुरू झालं, पण काल-परवापर्यंत दिसणारा लिनक्सचा पर्याय गायब.

अशा वेळी सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे 'फॉरमॅट मारून टाका'. आणि खरं नुकसान तिथेच होतं. प्रोजेक्ट, फोटो, दुकानाचा किंवा शेतीचा हिशोब यातलं बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. बिघडलेला असतो तो फक्त बूटलोडर.

बूटलोडर म्हणजे काय?

नारायणगावच्या एसटी स्टँडवरचा चौकशी खिडकीतला माणूस डोळ्यांसमोर आणा. तो गाडी चालवत नाही. जुन्नरची गाडी कुठे लागते आणि मंचरची कुठे, एवढंच सांगतो. तो जागेवर नसला म्हणून गाड्या नाहीशा होत नाहीत, पण नवख्या प्रवाशाला त्या सापडत नाहीत.

बूटलोडरचं काम असंच आहे. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. तो बूटलोडर शोधतो आणि बूटलोडर विंडोज किंवा लिनक्स सुरू करून देतो. लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत या बूटलोडरचं नाव 'ग्रब' असतं.

जुन्या, म्हणजे बायोस पद्धतीच्या कॉम्प्युटरमध्ये त्याची सुरुवात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये असते. नव्या, म्हणजे यूईएफआय पद्धतीत 'ईएफआय' नावाचं छोटं वेगळं पार्टिशन असतं. त्यात विंडोज आणि लिनक्स यांचे बूटलोडर शेजारी-शेजारी राहतात. त्यामुळे नव्या लॅपटॉपवरची दुरुस्ती सहसा सोपी असते.

लिनक्सची गरज कुणाला पडते?

उदाहरण जवळचंच आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मधल्या भागात आणि १६ इंग्रजी 'वाय'सारख्या तीन रांगांत, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. अशा दुर्बिणींचा डेटा अभ्यासायला 'कासा' नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. ते लिनक्स आणि मॅकसाठी बनवलेलं आहे. विंडोजवर ते थेट चालत नाही.

म्हणजे विंडोजचा लॅपटॉप असलेल्या खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्याला लिनक्सची सोय करावीच लागते. इंजिनीअरिंगच्या मुलांचंही तेच. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून बघणारेही आहेत. एकाच मशीनवर दोन्ही ठेवणं म्हणजे ड्युअल बूट.

मग बिघडतं कशामुळे?

१. विंडोज पुन्हा टाकलं. विंडोज स्वतःचा बूटलोडर पहिल्या क्रमांकावर आणतं. लिनक्स डिस्कवर असतं, पण त्याला कुणी हाक मारत नाही.

२. लिनक्सचं पार्टिशन उडवलं. जागा हवी म्हणून विंडोजमधून ते डिलीट केलं. ग्रब आपल्या फायली शोधतो, त्या मिळत नाहीत, आणि 'ग्रब रेस्क्यू' येतं.

३. अपडेट चालू असताना वीज गेली. बॅटरी धड नसलेल्या लॅपटॉपवर किंवा यूपीएस नसलेल्या कॉम्प्युटरवर बूटलोडरची फाइल अर्धवट लिहिली जाऊ शकते.

४. सुरक्षा अपडेट. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जगभरात अनेकांचं लिनक्स सुरू होईना. ग्रबमधल्या जुन्या त्रुटीमुळे धोकादायक ठरलेले बूटलोडर रोखण्यासाठी ते अपडेट होतं. ड्युअल बूट असलेल्या मशीनना ते लागू होणार नव्हतं, पण काही मशीनवर विंडोजला शेजारचं लिनक्स ओळखताच आलं नाही. स्क्रीनवर 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा मेसेज यायचा. सप्टेंबर २०२४ पासूनच्या अपडेटमधून ही सेटिंग काढण्यात आली.

दुरुस्ती: सोप्यापासून सुरुवात करा

कमांडची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लिपीतच करायची.

पायरी १: बूट मेन्यू उघडा. लॅपटॉप सुरू होताना एफ१२ (डेल, लेनोवो, एसर), एफ९ (एचपी) किंवा एस्केप (असुस) दाबत राहा. मॉडेलनुसार बटण बदलू शकतं. यादीत 'उबुंटू' किंवा 'विंडोज बूट मॅनेजर' दिसलं तर निवडा. ते सुरू झालं, तर बायोस सेटिंगमध्ये जाऊन हवा तो पर्याय क्रमांक एकवर आणा. काम झालं. यादीत डिस्कच दिसत नसेल, तर दोष डिस्कचा किंवा केबलचा असू शकतो. मग पुढच्या पायऱ्यांचा उपयोग नाही.

पायरी २: पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूचा बूटेबल पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावरून 'ट्राय' हा पर्याय निवडा. 'इन्स्टॉल' नाही. डिस्क उघडून महत्त्वाच्या फायली आधी बाहेर कॉपी करा. मग मोबाइलचं इंटरनेट जोडून 'बूट रिपेअर' हे मोफत टूल टाका आणि त्यातला 'रेकमेंडेड रिपेअर' निवडा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

हाताने करायचं असेल तर क्रम असा: लिनक्सचं मुख्य पार्टिशन माउंट करा, त्यातल्या बूट-ईएफआय फोल्डरवर ईएफआय पार्टिशन माउंट करा, डेव्ह, प्रोक आणि सिस हे फोल्डर जोडा, 'सीएचरूट'ने आत जा, 'ग्रब-इन्स्टॉल' आणि मग 'अपडेट-ग्रब' चालवा. पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीनेच सुरू केलेला हवा, नाहीतर ग्रब चुकीच्या जागी बसतो.

पायरी ३: लिनक्स नकोच असेल तर. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून 'रिपेअर'मध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्ट उघडा. नव्या मशीनवर 'बीसीडीबूट' आणि पुढे विंडोज फोल्डरचा पत्ता द्या. जुन्या बायोस मशीनवर 'बूटरेक' ही कमांड 'फिक्सएमबीआर' पर्यायासह चालवा. रिपेअरमध्ये सी ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असू शकतं, आधी तपासा.

'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' आलं तर? बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा. लिनक्समध्ये 'मोकयूटिल' ही कमांड 'सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट' अशी द्या आणि रीस्टार्ट करून पुन्हा लिनक्समध्ये या. लिनक्स पूर्ण अपडेट करा, मग सिक्युअर बूट परत चालू करा.

सगळ्यात मोठा धोका: बिटलॉकर

अनेक नव्या लॅपटॉपमध्ये विंडोजची डिस्क कुलूपबंद असते. या कुलपाचं नाव बिटलॉकर. सिक्युअर बूट बदललं की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर फायली असूनही उघडत नाहीत. म्हणून बायोसला हात लावण्याआधी आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती की आहे का, ते बघा आणि कागदावर लिहून ठेवा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून

- आधी विंडोज टाका, नंतर लिनक्स.
- लिनक्सचं पार्टिशन उडवण्याआधी बूट मेन्यूतून विंडोज सुरू होतंय ना, ते तपासा.
- विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद ठेवा.
- अपडेटच्या वेळी बॅटरी भरलेली असू द्या.
- एक लिनक्सचा पेनड्राइव्ह आणि फायलींची एक प्रत कायम बाजूला ठेवा.

दुकानात न्यायची वेळ आलीच, तर मशीन हातात देताना स्पष्ट सांगा: 'बूटलोडर दुरुस्त करा, डेटा आत आहे, न विचारता फॉरमॅट करू नका.' हे एक वाक्य वर्षभराचं काम वाचवू शकतं.