हाड आणि रक्त यांचा संवाद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : हाड म्हणजे रक्तनिर्मितीला आसरा देणारा निर्जीव सांगाडा.
वस्तुस्थिती : हाड जिवंत असते. प्रौढ सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी नव्याने घडतो. मज्जेतील रक्त-मूलपेशींनी शांत राहायचे की विभागायचे, हे बऱ्याच अंशी शेजारच्या पेशींच्या संकेतांवर ठरते. हा विचार रे स्कोफील्ड यांनी १९७८ मध्ये मांडला. २००३ मध्ये उंदरांवरील दोन अभ्यासांत हाड घडवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी वाढल्यावर मूलपेशीही वाढल्याचे दिसले. पुढे रक्तवाहिन्यांलगतच्या पेशींचा वाटा अधिक मोठा असल्याचे स्पष्ट झाले. या पेशी सीएक्ससीएल१२ हे प्रथिन सोडतात. मूलपेशींवरील सीएक्ससीआर४ हा ग्राही ते ओळखतो आणि मूलपेशी मज्जेत टिकून राहतात.

गैरसमज : हाड संकेत देते, रक्तपेशी ते फक्त पाळतात.
वस्तुस्थिती : हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी रक्त-मूलपेशींपासूनच तयार होतात. हाडातील पेशींचे रँकल प्रथिन त्यांना घडवते, तर ऑस्टिओप्रोटेजेरिन रँकलला अडवते. झीज किती होणार, हे या दोहोंच्या प्रमाणावर ठरते.

गैरसमज : मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात कर्करोगपेशी स्वतःच हाड पोखरतात.
वस्तुस्थिती : पोखरण्याचे काम प्रामुख्याने ऑस्टिओक्लास्ट करतात. मायलोमामुळे मज्जेत रँकल वाढते आणि ऑस्टिओप्रोटेजेरिन घटते. मायलोमा पेशींचे डीकेके१ प्रथिन नवे हाड घडू देत नाही. झिजणाऱ्या हाडातून सुटलेले वाढघटक पुन्हा कर्करोगालाच पोसतात. हे चक्र मोडण्यासाठी रँकलला रोखणारे डेनोसुमॅब किंवा ऑस्टिओक्लास्टना आवरणारे झोलेड्रॉनिक आम्ल दिले जाते.

गैरसमज : हाडे ठिसूळ झाली की ल्युकेमिया होतो.
वस्तुस्थिती : असा संबंध नाही. ल्युकेमियाचे मूळ रक्त घडवणाऱ्या पेशींतील जनुकीय बदलांत असते. मात्र २०१० मध्ये उंदरांत हाडाच्या पूर्वपेशींतील डायसर१ हे एकच जनुक काढल्यावर रक्तनिर्मिती बिघडली आणि काहींना ल्युकेमियाही झाला. भोवतालच्या पेशींतील बिघाडही रोगाला हातभार लावू शकतो, हे त्यातून कळले.

गैरसमज : मूलपेशी दान करताना हाड कापतात किंवा पाठीच्या कण्यातून मज्जा काढतात.
वस्तुस्थिती : बहुतेक वेळा मूलपेशी हाताच्या शिरेतील रक्तातूनच वेगळ्या केल्या जातात. आधी जी-सीएसएफ या वाढघटकाची इंजेक्शने देऊन त्यांची मज्जेवरील पकड सैल करतात. रुग्णाच्याच मूलपेशी साठवताना त्या पुरेशा मिळाल्या नाहीत, तर सीएक्ससीआर४ ला अडवणारे प्लेरिक्साफॉर देतात. मज्जाच हवी असल्यास भूल देऊन कमरेच्या हाडातून ती सुईने घेतली जाते.