भोरड्यांचे थवे : ज्वारी राखा, झाडे तोडू नका

रब्बी ज्वारी चिकात आली की भोरड्यांचे थवे शेतात उतरतात. एका बाजूने हुसकावले की दुसऱ्या बाजूने बसतात. नुकसान खरे आहे. पण कणसांवरचा धोका काही आठवड्यांचाच असतो. एरवी हाच पक्षी भरपूर किडे खातो. म्हणून उपाय करताना दोन्ही बाजू लक्षात घ्याव्यात.

ओळख व अधिवास

भोरडी (पळसमैना) हा साळुंकीच्या कुळातील स्थलांतरित पक्षी आहे. अंग गुलाबी, डोके, पंख व शेपटी काळी. लहान पक्षी मातकट रंगाचे असतात. कझाकस्तान व आसपासच्या गवताळ प्रदेशात दगडांच्या कपारींत तो वसाहतीने घरटी करतो आणि पिलांना मुख्यतः टोळ व नाकतोडे भरवतो. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांच्या नियंत्रणासाठी १९८० च्या दशकापासून त्याच्यासाठी मुद्दाम दगडी घरटी बांधली जातात.

जुलै-ऑगस्टपासून थवे भारतात येऊ लागतात व एप्रिलपर्यंत परततात. आपल्याकडे ते किडे, दाणे, वड-पिंपळाची फळे आणि पळस, पांगारा, सावरीच्या फुलांतील मध खातात. रात्री बाभळीच्या दाट झाडीत किंवा उसात मुक्काम करतात.

धोके कोणते?

जगभरातील एकूण संख्या पाहता हा पक्षी सध्या संकटग्रस्त गणला जात नाही. तरीही पुढील धोके आहेत :

- टोळ व किडींवरील फवारण्यांमुळे खाद्य घटते आणि विषबाधाही होते.
- बांधावरील बाभूळ, पळस आणि रस्त्याकडेचे जुने वड तुटत आहेत.
- ज्वारीचे क्षेत्र घटल्याने उरलेल्या थोड्या शेतांवर थव्यांचा भार वाढतो. त्यामुळे तुमचे नुकसान वाढते आणि पक्ष्यांवरचा रागही.

काय करावे?

- शिवारातील शेतकऱ्यांनी शक्यतो एकाच वेळी पेरणी करावी. एकटे, आधी निसवलेले शेत सर्वाधिक खाल्ले जाते.
- दाणे चिकात आल्यापासून टणक होईपर्यंत सकाळी व सायंकाळी राखण करावी. थवा बसण्याआधीच उठवावा. एकदा चरायला लागला की हलत नाही.
- चकाकत्या फिती कणसांच्या वर ताणून बांधाव्यात. पक्षी सरावतात, म्हणून फिती, आवाज व गोफण आलटून पालटून वापरावी.
- हरभऱ्यात घाटेअळीसाठी हेक्टरी ५० पक्षीथांबे लावावेत. भोरडी, साळुंकी, कोतवाल अळ्या वेचतात. आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याशिवाय कीटकनाशक फवारू नये.
- विषारी दाणे कधीही टाकू नयेत. त्याने मोर, तितर, कोंबड्या आणि जनावरेही मरतात.
- बांधावरील बाभूळ व पळस राखावेत. झाड तोडल्याने थवा गाव सोडून जाईलच असे नाही, पण किडी वेचणाऱ्या इतर पक्ष्यांचा आसरा नक्की जातो.

पीक हुरड्यात असताना जागता पहारा ठेवा. कापणीनंतर हेच थवे रानातले नाकतोडे टिपतील.