जो डोंगर कुठेच साठवलेला नाही, त्याचा फोटो कसा निघतो?

पुण्याहून सोलापूरकडे निघालं की यवतनंतर दौंड तालुक्यातलं भांडगाव लागतं. आजूबाजूला उसाची शेतं, बरीचशी सपाट जमीन आणि दक्षिणेला भुलेश्वरच्या बाजूचे डोंगर. आज या डोंगरांचा फोटो काढायचा राहिला, तरी काही बिघडत नाही. उद्याही ते तिथेच असणार.

'नो मॅन्स स्काय' या अंतराळ भटकंतीच्या गेममध्ये मात्र ही खात्री नाही. तिथले खेळाडू यानातून ग्रहावर उतरतात, तासन् तास डोंगर तुडवतात आणि फोटो काढतात. अनेकांसाठी तोच खरा खेळ आहे. पण खोट्या डोंगराचे फोटो काढण्यात एवढं काय आहे?

किती ग्रह आहेत?

इंग्लंडमधल्या 'हॅलो गेम्स' या छोट्या कंपनीने हा गेम ऑगस्ट २०१६ मध्ये आणला. त्यात सुमारे १८ वर १८ शून्यं इतके ग्रह आहेत. दर सेकंदाला एक ग्रह पाहिला, तरी सगळे पाहायला जवळपास ५८५ अब्ज वर्षं लागतील!

एवढे ग्रह कोणी हाताने काढणं शक्यच नाही, आणि ते कुठल्या सर्व्हरवर साठवलेलेही नाहीत. साठवलेलं आहे ते फक्त सूत्र.

मग डोंगर येतो कुठून?

प्रत्येक ग्रहाला एक आकडा असतो. त्याला 'सीड', म्हणजे बी म्हणतात. तुम्ही जवळ गेलात की कॉम्प्युटर तो आकडा सूत्रात टाकतो आणि जमीन तयार करतो. तुम्ही निघून गेलात की ती पुसली जाते. परत आलात की त्याच बीमधून तोच डोंगर पुन्हा उगवतो.

उंचसखलपणा ठरवण्यासाठी 'नॉइज' नावाचं गणित वापरतात. 'ट्रॉन' या १९८२ च्या चित्रपटावर काम केलेल्या केन पर्लिन यांनी त्याची प्रसिद्ध पद्धत शोधली. त्यासाठी १९९७ मध्ये त्यांना ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. मोठ्या लाटेवर मध्यम लाट, तिच्यावर बारीक लाट चढवत गेलं की डोंगर, टेकड्या आणि खडबडीतपणा दिसायला लागतो.

खऱ्या डोंगराशी फरक इथेच आहे. आपल्याकडचे डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेल्या खडकाचे आहेत. पुढे पाऊस आणि नद्यांनी ते कोरले, म्हणून त्यांना पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात. या खडकाच्या 'डेक्कन ट्रॅप' नावातला 'ट्रॅप' हा शब्दही 'पायरी' या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. गेममधल्या डोंगरावर मात्र पाऊस कितीही पडो, तो त्याने झिजत नाही. झीज झाल्याचा नुसता आभास गणिताने आणलेला असतो.

फोटो कसा काढतात?

मार्च २०१७ च्या 'पाथफाइंडर' अपडेटमध्ये फोटो मोड आला. तो सुरू केला की खेळ थांबतो आणि कॅमेरा हवा तसा फिरवता येतो. सूर्य वरखाली करता येतो, ढग आणि धुकं कमीजास्त करता येतं.

युक्त्या मात्र गड-किल्ल्यांवर फोटो काढणाऱ्यांच्याच आहेत. सूर्य खाली आणला की सावल्या लांबतात आणि डोंगराच्या घड्या उठून दिसतात. पायथ्याशी यान उभं केलं की उंचीचा अंदाज येतो. थोडं धुकं ठेवलं की मागच्या रांगा दूर वाटतात.

फोटो मोडमध्ये ग्रहाचा १२ चिन्हांचा पत्ताही दिसतो. तो फोटोसोबत शेअर केला, की दुसरा खेळाडू 'पोर्टल'मधून थेट त्या ग्रहावर पोहोचू शकतो.

डोंगर नाहीसा कधी होतो?

बी तेच राहिलं, पण सूत्र बदललं तर? जुलै २०१८ च्या 'नेक्स्ट' अपडेटमध्ये हेच झालं. ग्रहांची जमीन नव्याने तयार झाली. लोकांनी बांधलेले तळ कुठे जमिनीत गाडले गेले, तर कुठे हवेत तरंगत राहिले. आवडता डोंगर परत मिळेना. ज्यांनी फोटो काढले होते, त्यांच्याकडे फोटो उरले.

कंपनीने यातून धडा घेतलेला दिसतो. जानेवारी २०२५ च्या 'वर्ल्ड्स पार्ट टू' अपडेटमध्ये उंच पर्वतरांगा आल्या, पण त्या नव्या, जांभळ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर. जुन्या ग्रहांवरचे तळ शाबूत राहावेत, हा त्यामागचा विचार होता.

गंमत म्हणजे, गेम बनवणाऱ्यांनाही आपलं विश्व पाहायला फोटोच लागले. एवढे ग्रह तपासणार कोण? म्हणून त्यांनी गेमच्या आतच आपोआप फिरणारी याने सोडली आणि त्यांनी टिपलेली दृश्यं पाहून चुका शोधल्या.

म्हणजे डोंगर खोटा असला, तरी तिथपर्यंत केलेली पायपीट, निवडलेली जागा आणि साधलेला उजेड खेळाडूचाच असतो. सूत्र बदललं की डोंगर जातो. फोटो तेवढा राहतो.