लॅपटॉपची बॅटरी : ओसंडून भरलेली नको, कोरडीही नको

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि कापडाच्या दुकानात गादीशेजारी, खतावणीच्या जागी लॅपटॉप येऊन बसला. पुढच्या वर्षी ई-वे बिल आले. आता बिल, स्टॉक, उधारी आणि वीस तारखेचे रिटर्न हे सर्व त्या एका डब्यात असते. परंतु गल्ल्याची जेवढी काळजी आपण घेतो, तिच्या दहाव्या हिश्शानेही या डब्यातील बॅटरीची घेत नाही. आम्हीही घेतली नव्हती. त्यापायी दोन बॅटऱ्या गमावल्या, म्हणून हे लिहीत आहोत.

पहिली गेली २०२० मध्ये. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. अंबरनाथ पश्चिमेचे आमचे दुकान एका रात्रीत बंद झाले आणि लॅपटॉप ड्रॉवरमध्येच राहिला. त्या दिवशी चार्जिंग जवळजवळ संपलेले होते. काही आठवड्यांनी दुकान उघडले तेव्हा मशीन फक्त वायर लावली तरच चालू लागली. बॅटरी कायमची झोपली होती. या प्रकारातून आम्ही चुकीचा धडा घेतला. नव्या लॅपटॉपचा चार्जर रात्रंदिवस लावून ठेवला, आता काही रिकामी होत नाही म्हटले! दीड-दोन वर्षांत कळांखालचा टचपॅड वर आला आणि झाकण नीट बसेना. ही दुसरी बॅटरी आतून फुगली होती. एक उपाशी मेली, दुसरी अतिखाण्याने.

असे का होते, हे समजून घेण्यासाठी आधी एक गैरसमज दूर करावा लागेल. बॅटरी म्हटली की सर्व सारख्या, असे आपण धरतो. सुती, रेशमी आणि लोकरी कापड एकाच पाण्यात कोणी धूत नाही. बॅटरीचेही तसेच आहे. जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये आणि व्हिडिओ कॅमेऱ्यात निकेल-कॅडमियमची बॅटरी असे. ती अधूनमधून पूर्ण संपवून मग पूर्ण भरावी असे सांगत आणि तिच्यापुरते ते बरोबर होते. दुकानातील इन्व्हर्टरची बॅटरी शिसे व आम्लाची असते. ती अर्धवट उतरलेली ठेवली तर प्लेटवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, म्हणून ती नेहमी भरलेली हवी. लॅपटॉप व मोबाइलमध्ये मात्र लिथियम-आयन बॅटरी असते. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली. वस्तू बदलली, पण आपले नियम जुनेच राहिले. म्हणून आजही कोणी सांगतो, ‘आधी पूर्ण उतरवा, मग रात्रभर लावा.’ लिथियमला या दोन्ही गोष्टी मानवत नाहीत.

लिथियमच्या सामान्य सेलचा दाब पूर्ण भरल्यावर सुमारे ४.२ व्होल्ट असतो. या अवस्थेत सेल ताणलेला असतो. जीन्सच्या धंद्यातील लोकांना हे लवकर पटेल. लायक्रा असलेले कापड तुम्ही क्षणभर ओढून सोडले तर काही बिघडत नाही. तेच ओढून खिळ्याला महिनाभर अडकवून ठेवा, मग पाहा. शंभर टक्के भरलेली बॅटरी तासन् तास चार्जरवर राहते तेव्हा हेच होते. आतील द्रव हळूहळू विघटित होतो, वायू धरतो, फुगवटा येतो. उलट सेल पूर्ण उतरवून ठेवला की तो आपोआप आणखी खाली जातो आणि एका मर्यादेखाली गेल्यावर सुरक्षा सर्किट त्याला पुन्हा भरूच देत नाही. टाळेबंदीत आमच्या मशीनचे असेच झाले होते.

ताणासोबत उष्णता आली की नुकसान वाढते. कॅनडातील कॅडेक्स या बॅटरी-तपासणी यंत्रे बनविणाऱ्या कंपनीने दिलेले आकडे बोलके आहेत. बॅटरी ४० टक्के भरून २५ अंश तापमानात वर्षभर ठेवली तर तिची सुमारे ९६ टक्के ताकद उरते. तीच १०० टक्के भरून ४० अंशांत ठेवली तर ६५ टक्केच उरते. एप्रिल-मे महिन्यांत अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यात पत्र्याचे छप्पर, वर माळ्यावर गठ्ठे आणि लॅपटॉप गादीवर ठेवलेला! गादीने खालची हवेची जाळी बंद होते. मशीन लाकडी फळीवर ठेवा, यास एक पैसाही लागत नाही.

मग नेमके करावे काय? बॅटरी साधारण तीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. थोडे थोडे चार्जिंग केल्याने ‘चक्र वाया जाते’ ही समजूत चुकीची आहे. शंभरवरून पन्नासवर दोनदा आणले की एक चक्र होते, वायर कितीदा लावली यावरून चक्र मोजत नाहीत. परंतु गिऱ्हाईक समोर असताना टक्के कोण बघत बसणार? म्हणून कंपन्यांनी सोय दिली आहे. लेनोव्होच्या अनेक मॉडेलांत ‘कॉन्झर्व्हेशन मोड’ असतो, डेलमध्ये ‘प्रायमरिली एसी यूज’ असा पर्याय मिळतो, एचपीच्या बऱ्याच मशीनमध्ये ही व्यवस्था बायोसच्या सेटिंगमध्ये सापडते. ती चालू केली की बॅटरी मॉडेलप्रमाणे ऐंशीच्या किंवा साठच्या आसपास थांबते आणि चार्जर दिवसभर लावलेला असला तरी चिंता राहत नाही. आमच्या मुलाने ही सेटिंग पाच मिनिटांत लावून दिली. त्याआधी दोन बॅटऱ्यांचे पैसे गेले होते, ही गोष्ट वेगळी.

यावर व्यापारी बांधव विचारतील, वीज गेली तर? प्रश्न रास्त आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाची आठवण आमच्या पिढीच्या मनातून गेलेली नाही. महावितरणने दुरुस्तीसाठी वीज बंदची सूचना दिली असेल, रिटर्नची तारीख तोंडावर असेल किंवा ईदच्या आधीच्या गर्दीत उशिरापर्यंत दुकान चालणार असेल, तर आदल्या रात्री खुशाल शंभर टक्के भरा. एका दिवसाच्या ताणाने बॅटरी मरत नाही. तिला महिनोन् महिने तसे ठेवण्याची सवय वाईट. गावी किंवा प्रवासाला जाताना, दुकान बंद राहणार असेल तेव्हा, निम्मी भरून, मशीन पूर्ण बंद करून थंड जागी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावी.

आता गंभीर बाब. फुगलेली बॅटरी कापडाच्या दुकानात म्हणजे गवताच्या गंजीत निखारा. २००६ मध्ये डेल कंपनीला सोनीने बनविलेल्या एक्केचाळीस लाख लॅपटॉप-बॅटऱ्या आगीच्या धोक्यामुळे परत बोलवाव्या लागल्या, म्हणजे हा धोका कागदी नाही. काडेपेटीच्या विम्को कारखान्यामुळे ओळखल्या गेलेल्या आमच्या गावाला ठिणगीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. टचपॅड वर आला, खालचा भाग टेबलावर डुगडुगू लागला की त्याच क्षणी मशीन बंद करा, चार्जर काढा आणि ती कापडापासून दूर ठेवा. झाकण दाबून बसवू नका, टोचू तर मुळीच नका. धूर दिसला तर मेन स्विच बंद करून माणसांना बाहेर काढा आणि १०१ वर फोन करा, माल वाचविण्याच्या भरीला पडू नका.

बदली बॅटरी घेताना तिच्यावर भारतीय मानक ब्युरोची नोंदणीची खूण आणि आयएस १६०४६ हा मानक क्रमांक पाहा. अर्ध्या किमतीत मिळणारा नग आम्ही एकदा घेतला होता. सहा महिनेही टिकला नाही आणि तक्रार करायला पक्के बिलही नव्हते, व्यापारी असून! जुनी बॅटरी भंगारवाल्याला किलोवर देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करून तिची रीतसर विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्यावी.

बॅटरी कितपत उरली हे मशीनच सांगते. विंडोजच्या बॅटरी-अहवालात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे येतात. पहिला ४०,००० आणि दुसरा ३०,००० असेल तर पाऊण बॅटरी शिल्लक समजावी. आम्ही हे दोन्ही आकडे दर तीन महिन्यांनी स्टॉकच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतो.