वाऱ्याने नेलेलं पाणी

या रे, बसा इथे. रात्री आजीने वाटीत काळ्या मनुका भिजत घातल्या होत्या ना, त्या आता बघा. झोपताना सुरकुतलेल्या होत्या, सकाळी गुटगुटीत झाल्या आहेत. साल कुठेही फाटलेली नाही. मग पाणी आत शिरलं कुठून? आणि आजी म्हणते, मनुकांनी पोट साफ होतं, ते कशामुळे? दोन्ही प्रश्न पाण्याचेच आहेत, म्हणून द्राक्षाची मनुका होताना त्यातलं पाणी गेलं कुठे होतं ते आधी सांगतो.

आपल्या तासगावकडे उन्हाळ्यात गेलात, तर शेताच्या कडेने उंच उघड्या शेड दिसतात. त्यात एकावर एक जाळ्या बांधलेल्या असतात आणि जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली असतात. वर छप्पर असतं, चारी बाजूंनी वारा खेळत असतो. ताज्या द्राक्षात शंभरातले ऐंशी भाग पाणीच असतं. दोन आठवड्यांत वारा ते घेऊन जातो आणि वाळलेल्या फळात शंभरातले पंधराएक भागच पाणी उरतं. चार किलोच्या आसपास द्राक्षं वाळली की हाती किलोभर बेदाणा येतो.

पण द्राक्ष सहजासहजी पाणी सोडत नाही बरं. त्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो. द्राक्ष बोटाने पुसलं की जी पांढुरकी झाक निघते ना, तोच तो थर. पाऊस बाहेर ठेवायचा आणि ओलावा आत, हे त्याचं काम. म्हणून शेतकरी घड आधी एका द्रावणात बुडवून काढतात. त्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि डिपिंग ऑइल नावाचं तेल असतं. त्याने मेणाची घट्ट वीण सैल होते आणि पाण्याला वाट मिळते.

मला यातलं सगळ्यात नवल कशाचं वाटतं सांगू? पोटॅशियम कार्बोनेट म्हणजे लाकडाच्या राखेतला क्षार. तुमची पणजी ज्या राखेने भांडी घासायची, त्या राखेतला! आणि दोन हजार वर्षांपूर्वी रोममधला कोलुमेला नावाचा लेखक शेतीवर लिहिताना सांगून गेला आहे की, राखेच्या पाण्यात तेल घालून त्यात द्राक्षं बुडवावी आणि मग वाळवावी. त्याच्या काळी रसायनशास्त्र हा शब्दही नव्हता. हाताने करून बघितलं, डोळ्यांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं. मला अशा माणसांपुढे हात जोडावेसे वाटतात.

आता वाटीकडे या. १७४८ साली फ्रान्समध्ये नोले नावाच्या एका पाद्रीबाबांनी एक बाटली मद्यार्काने भरली, तिच्या तोंडावर डुकराचं मूत्राशय ताणून बांधलं आणि बाटली पाण्यात बुडवून ठेवली. काही तासांनी बघतात तर ते कातडं फुगून वर आलेलं! टाचणीने टोचलं तर आतून चिळकांडी उडाली. बाहेरचं पाणी कातड्यातून आत शिरलं होतं. अशा पडद्यातून पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जातं. शास्त्राच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात. मनुकेच्या आत साखर दाटलेली, बाहेर साधं पाणी, आणि मधे साल. रात्रभर वाटीत तेच चाललं होतं.

बेदाणा महिनोन्महिने टिकतो तोही याच कारणाने. त्यावर एखादा जंतू बसलाच, तर ती दाट साखर त्या जंतूच्याच अंगातलं पाणी ओढून घेते. आजीचा मुरांबा टिकतो तो असाच.

मग पोटात काय होतं? मनुकेची साखर लहान आतड्यातच रक्तात जाते. उरतो तो चोथा. सालीचा आणि गराचा हा तंतुमय भाग आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोचतो. मोठं आतडं फार काटकसरी. रोज तिथे लीटर-दीड लीटर पातळ द्रव येतो आणि त्यातलं बहुतेक पाणी ते परत शोषून घेतं. अन्न तिथे फार वेळ रेंगाळलं की मळ कोरडा, कडक होतो. चोथा मात्र स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो, त्याने मळ मऊ राहतो आणि पुढे सरकतो. शिवाय तिथे राहणारे कोट्यवधी जिवाणू या चोथ्यावर जगतात आणि त्याच्यापासून जी आम्लं तयार करतात, ती आतड्याच्या अस्तराचं अन्न होतात. द्राक्षातलं टार्टरिक आम्लही बरंचसं त्यांच्याच वाट्याला येतं. चिंचेला आंबट करणारं आम्ल तेच.

सुकवलेल्या आलुबुखाराची गोष्ट आणखी वेगळी. त्यात सॉर्बिटॉल नावाची एक गोडी असते, ती आपल्याला नीट शोषता येत नाही. ती आतड्यात राहते आणि पाणी आपल्याकडे ओढते, अगदी नोलेच्या बाटलीसारखी. म्हणून ते दोन-चार खाल्ले तर गुण येतो आणि मूठभर खाल्ले तर धावाधाव होते.

आता एक खरं सांगायला हवं. शंभर ग्रॅम मनुकांत चोथा असतो चार ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दहा मनुकांत अर्धा ग्रॅमही नाही, आणि मोठ्या माणसाला दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम लागतो. पोटाचं मोठं काम भाकरी, उसळ आणि पालेभाजीच करते. मनुका त्यांची धाकटी सोबतीण. बिस्किटाच्या जागी मूठभर मनुका खा, वर पाणी प्या, नंतर चूळ भरा, कारण त्या दाताला चिकटतात. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच खाव्यात, कारण वाऱ्याने पाणी नेलं तरी साखर सगळी मागेच राहते.

आज रात्री तुम्ही दोन वाट्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत साखरेचा दाट पाक. दोन्हींत पाच-पाच मनुका टाका. सकाळी कुठल्या जास्त फुगल्या आणि का, ते मला तुम्हीच सांगायचं.